एक्केचाळीस वाव

आइसलंडमधला कॉड माशांचा हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर ग्रीमुर गळ सोडायची चारही यंत्रं तपासत होता. तीन यंत्रांचे गळ तीन वाव, म्हणजे जेमतेम अठरा फूट पाण्यात तळाला टेकून थांबले. चौथ्याची दोरी मात्र सुटतच राहिली. ते त्याच्या लेकीचं, सुनेवाचं यंत्र होतं.

"अरे ग्रीमुर, पाताळ गाठतोस की काय!" शेजारच्या बोटीवरून बाउर्दुर हसला. "बिघडलंय ते. बदलून टाक की आता."

"ते नाही बदलायचं."

यंत्रावरचा खोलीचा आकडा एक्केचाळीसवर थांबला, आणि बाउर्दुरचं हसू मावळलं. गेल्या ऑगस्टमध्ये सुनेवा खाडीच्या तोंडाशी बोटीवरून पडली, तिथे पाणी एक्केचाळीस वाव होतं. पोर सापडलीच नव्हती.

गळाला भार लागला की यंत्र आपणहून दोरी ओढतं. ते आता घरघरू लागलं. चाळीस. एकोणचाळीस. दोरी ताठ झाली, बोट त्या बाजूला कलली.

"बंद कर ते! ग्रीमुर, दोरी काप!" बाउर्दुर ओरडला.

बटण हाताशीच होतं. ग्रीमुरने हातमोजे काढले. सुनेवाला थंडी फार बाधायची, म्हणून त्याने तळहातांवर तोंडाची वाफ सोडली, ते एकमेकांवर घासून चांगले ऊबदार केले आणि कठड्यावरून वाकून पाण्यात घातले.

आकडा एकवर आला.

"ये गं पोरी," तो म्हणाला.