काळी पाच, लय हत्तीच्या चालीची

बँडस्टँडच्या पायरीवर उभे राहून श्रीपतरावांनी प्रत्येकाच्या हातात नवा कागद दिला. चौदा माणसं, चौदा कागद. "जुने पार विरले होते. नव्याने उतरवून काढले," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नाही. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने कागद कपाळाला लावला आणि आपापल्या वाद्याच्या क्लिपला अडकवला. श्रीपतरावांचा जीव भांड्यात पडला.

कागदावर भूप राग होता, त्यांच्या वडिलांनी संस्थानच्या बँडसाठी बसवलेला. माथ्यावर वडिलांची सूचना असायची: सूर काळी पाच, लय हत्तीच्या चालीची. गेल्या पाच दिवसांत नकला उतरवताना श्रीपतरावांनी ती सूचना आयुष्यात पहिल्यांदाच बदलली होती. लयीला हात लावला नाही. सूर तेवढा एक पायरी, पेटीवरची एक काळी पट्टी, उतरवून काळी चार केला, आणि त्याबरहुकूम प्रत्येक वाद्याची ओळन् ओळ.

चोरीच ती. पण करणार काय? दिवाळीत पुढचे दात काढले, कवळी बसवली, आणि चाळीस वर्षं कॉर्नेट फुंकणाऱ्या माणसाला वरचा सा दाद देईना. आठ मात्रा त्यावर थांबायचं म्हटलं की ओठ सुटायचे आणि सूर फाटायचा. सूर उतरवू या, असं त्यांनी पुतण्याला, म्हणजे बँडमास्तर रणवीरला, सुचवूनही पाहिलं होतं. "आजोबांनी काळी पाच लिहिलीय काका, त्यात हात घालायचा नाही," तो म्हणाला होता. "पण आणखी एकदा फाटला, तर तुमचा भाग हितेश वाजवेल. कायमचा." हितेश मागे कॅसिओ मांडून बसलाच होता. वरातीतल्या फिल्मी गाण्यांसाठी घेतलेलं ते यंत्र आताशा प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर येई.

सगळाच बँड एक पायरी उतरला तर कुणाला कळणार होतं? कमाटीबागेत रविवारी संध्याकाळी शेंगा खात बसलेल्या लोकांना काळी चार काय आणि काळी पाच काय. रणवीरचा हात लयीला पक्का, कान मात्र बेताचाच. श्रीपतरावांनी सगळा हिशोब करून ठेवला होता.

रणवीरने छडी उचलली. श्रीपतरावांनी कागदावर नजर रोखून पहिला सूर लावला. चौदा वाद्यं एकीकडे, ते एकटे दुसरीकडे. फडताळातली भांडी कोसळावीत तसा आवाज झाला. बाकांवरची माणसं हसली.

कुणीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. लक्ष्मण डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत होता. त्याच्या क्लिपला कागद उलटा लावलेला होता. पलीकडच्याचा कागद वाऱ्याने दुमडून मिटला होता आणि त्याचं त्याला काही नव्हतं. सगळे जुन्याच सुरात होते, सवयीने, बोटांच्या भरवशावर. एकाचीही नजर कागदावर नव्हती.

वीस वर्षं श्रीपतराव या बँडाचे कागद लिहीत होते. पट्टीने रेघा मारून, काळ्या शाईने, ज्याला त्याला त्याच्या वाद्याची वेगळी नक्कल. कपाळाला लावतात म्हणजे वाचतातच, असं ते धरून चालले होते. त्यांना रडू आलं, पण रडायलाही सवड नव्हती. जुन्या सुरात उडी मारता आली असती, पण पुढच्याच आवर्तनात वरचा सा वाट पाहत होता. त्यांनी कॉर्नेट ओठांवरून काढला.

रणवीरने छडी न थांबवता हितेशकडे मान वळवली.

"काका, सूर कयो?" सूर कोणता, म्हणून मागून हितेशने हळूच गुजरातीत विचारलं.

चाललेला सूर कानाने ओळखून सांगू शकणारा तेवढ्या माणसांत एकच होता.

"काळी पांच," श्रीपतराव म्हणाले. "अने उतावळ ना करतो."

"काका, खाली नका ठेवू," रणवीर ओठ न हलवता पुटपुटला. "तोंडाला लावून उभे राहा. फोटो काढतायत."

ते तसे उभे राहिले. वरचा सा आला. हितेशचं बोट पट्टीवर होतं तोवर तो सूर हलला नाही, फाटला नाही, श्वासाला अडला नाही. दमाची काळजी मिटली म्हणून रणवीरने लय सैल सोडून संथ केली. वडील गेल्यापासून बँडाने ती नेहमीच थोडी जलद घेतली होती, माणसांचा दम पुरावा म्हणून. हत्तीची चाल म्हणजे नेमकी किती, ते श्रीपतरावांना इतक्या वर्षांनी ऐकायला मिळालं. गाल फुगवून ते ऐकत राहिले.

टाळ्या पडल्या. कारेलीबागेतल्या निवृत्त शिक्षिका मंदाकिनीबाई नातीचा हात धरून पायऱ्या चढून वर आल्या.

"सुरुवातीला जरा घोटाळा झाला खरा," त्या म्हणाल्या, "पण मग काय सा लावलात, श्रीपतराव! या वयात एवढा दम आणता कुठून?"

श्रीपतरावांनी रणवीरकडे पाहिलं. तो छडी फडक्यात गुंडाळून ठेवण्यात गुंतला होता.

"सवय आहे," ते म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी नातीला पुढे केलं. "पाया पड गं त्यांच्या."

श्रीपतराव मागे सरले. मागे बँडस्टँडचा कठडा होता.