सतरा नंबर

सामन्याची सहा मिनिटं उरली होती, संघात एकच बदल करायचा शिल्लक होता, आणि ज्याचा हा कॉम्प्युटर तो गिऱ्हाईक पाच वाजता येणार होता. दुकानातल्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"आतलं सगळं पुसून द्या, भाचीला द्यायचाय," असं सांगून गिऱ्हाईक तो जुनाट डबा ठेवून गेला होता. काम अर्ध्या तासाचं. पण आत फुटबॉल क्लब चालवायचा, बावीस वर्षांपूर्वीचा एक गेम सापडला आणि दुरुस्तीवाल्याने ते काम अकरा दिवस लांबवलं. या गेममध्ये आपण खेळायचं नसतं. आपण मॅनेजर. कुणाला उतरवायचं, कुणाला बाकावर बसवायचं ते ठरवायचं आणि पडद्यावर सामन्याची एकेक ओळ उमटते ती वाचत बसायचं. गेम करणाऱ्यांनी हौसेने पार तळाच्या क्लबांचेही त्या काळचे खरे खेळाडू आत घातले होते. त्यात दुरुस्तीवाल्याचा तरुणपणीचा क्लबही होता, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, धडपडणारा. आणि यादीत सतरा नंबरवर हा स्वतः होता. नाव, आडनाव, वय एकोणीस, डावीकडून खेळतो.

"सामने शून्य?" बायकोने काउंटरवरून उठून येऊन पडद्यात डोकावलं. मोबाईलच्या काचा बदलायचं खातं तिच्याकडे होतं. "लग्न ठरताना तर क्लबकडून खेळायचो म्हणाला होतात."

"खेळायचोच की. सरावाला."

ते खरंच होतं. सामन्याच्या दिवशी मात्र तो बाकावर. वर्षभर तो जर्सी न मळवता घरी आला, आणि आई म्हणायची, बाबा रे, तुझे कपडे धुवायला फार सोपे.

या अकरा दिवसांत जेवणाची सुट्टी बुडवून त्याने सदतीस सामने उरकले होते आणि क्लबला शेवटच्या जागेवरून ओढत ओढत वर आणलं होतं. दर सामन्याला त्याचं बोट सतरा नंबरवर थांबायचं आणि पुढे सरकायचं. नावापुढे आकडे होते, विसापैकी. वेग बारा, पास सात, चेंडूवर ताबा सहा. आकडे बरोबर होते, आणि तेच त्याला झोंबत होतं. बावीस वर्षं ज्या कोचच्या नावाने बोटं मोडली, त्याच्या खुर्चीत बसल्यावर यानेही सदतीस वेळा तेच केलं होतं.

आजचा सामना शेवटचा. एक-एक बरोबरी. ती टिकली तर क्लब वाचणार, हरला तर चौथ्या डिव्हिजनमध्ये.

"घ्या ना मग त्याला," बायको म्हणाली.

"कच्चा आहे गं तो. क्लब बुडेल."

"सहा मिनिटांत असे काय दिवे लावणार आहे? घ्या म्हणते ना."

चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही हे त्याला कळत होतं. पण त्या पोराला एकदा मैदानात बघायचं होतं. बाकी काही नको होतं. फक्त एकदा, आत. त्याने बटण दाबलं.

'बदल: सतरा नंबर मैदानात.'

बायकोने स्टूल ओढलं. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

'सत्त्याऐंशीवं मिनिट. चेंडू सतरा नंबरकडे. एकाला चकवून पुढे.'

तो उभाच राहिला. "बघ, बघ! कडेने गेला! मी असाच जायचो."

"दिसतंय ना," बायको म्हणाली. पडद्यावर अक्षरांशिवाय काही नव्हतं.

'क्रॉस. गोलकीपरने सहज पकडला.'

"पण गेला होता," तो म्हणाला.

'एकोणनव्वदावं मिनिट. सतरा नंबरने चेंडू गमावला.' पुढच्या तीन ओळी भराभर आल्या आणि त्यातली शेवटची होती, 'गोल'. दोन-एक. मग शिट्टी. गुणतक्त्यात क्लबचं नाव घसरून लाल रेघेखाली गेलं.

बायकोला वाईट वाटलं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण आग्रह तिनेच केला होता.

"सामन्याआधी सेव्ह केलं होतं ना तुम्ही? तिथून परत लावा. गिऱ्हाईक आला तर मी बोलण्यात गुंतवते. या वेळी त्याला घेऊ नका, म्हणजे झालं."

त्याने सतरा नंबरचं पान उघडलं. सामने एक. खेळ दहापैकी चार. त्याने ते सावकाश दोनदा वाचलं आणि गेम बंद केला. मग डिस्क पुसायला लावली. मशीनने विचारलं, नक्की ना? त्याने हो म्हटलं.

"अहो, पण क्लब गेला ना खाली?"

"त्या वर्षीही गेलाच होता," तो म्हणाला. "मला न खेळवता."