गळकी काच

"गळतंय!" गाडीच्या आतून मुक्ताबाई ओरडली.

बाबूने घागर खाली ठेवली. टपावर ओतलेलं पाणी समोरच्या काचेवरून ओघळून खाली पसरलेल्या पत्र्यावर जमत होतं. मुक्ताबाईने मांडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. एक थेंब जरी आत आला तरी कागदावर डाग उमटतो. कागद ठणठणीत कोरडा होता. ते फक्त या नवराबायकोलाच ठाऊक होतं.

लिंबाखाली बसलेल्या हरिबाने बिडी विझवली. हरिबा म्हणजे गाडीचे मालक नानासाहेब यांचा गडी.

"अजून गळतंय?" त्याने विचारलं.

"जुनं रबर हाय," बाबू त्याच्याकडे न बघता म्हणाला. "वेळ लागंल."

"बरं. परवा आणतो पाणी." हरिबाने रिकामे बॅरल बैलगाडीत चढवले आणि भरलेले दोन तिथेच सोडून तो निघून गेला. तपासणीला दोन घागरी पुरत. बाकीचं पाणी वस्तीतल्या अकरा घरांत जाई.

त्र्याहत्तरचा एप्रिल होता. दोन वर्षं पाऊस नव्हता. बौद्धवस्तीच्या आडाला माघातच कोरड पडली होती. सरकारी टँकर आठवड्यातून एकदा गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि वस्तीची पाळी येईपर्यंत तळाचा गाळ तेवढा उरायचा. बाबूने धाराशिवच्या गॅरेजात अकरा वर्षं काढली होती. बाबूच्या हातचं काम परत येत नाही, असं तिथले लोक म्हणायचे. दुष्काळात गॅरेज बंद पडलं आणि तो गावी येऊन लिंबाखाली पाने-पकडी घेऊन दुरुस्तीला बसला.

मग ही गाडी आली. निजामाच्या अमदानीतली, कुण्या जहागीरदाराकडून नानासाहेबांच्या वडिलांनी घेतलेली. नानासाहेब सोसायटीचे चेअरमन. समोरची काच गळते, एवढाच निरोप होता. तपासायला गोडं पाणी लागेल, असं बाबूने कळवलं आणि दुसऱ्या दिवशी बॅरल हजर झाले.

काम सोपं होतं. वरच्या बाजूला रबर फाटलं होतं. बाबूने नवं रबर घातलं, खाचेत सुतळी घालून काच नीट बसवली. पहिल्याच दिवशी गळती थांबली. त्याला आज तीन आठवडे होऊन गेले होते.

"पण पाऊस न्हाय का पाणी न्हाय," मुक्ताबाईने एकदा विचारलं होतं, "काच गळती हे कळलं कसं यास्नी?"

"धुताना कळलं असंल."

"असल्या दुष्काळात गाडी कोण धुतंय?"

"मोठ्या लोकांचं काय सांगावं," बाबू म्हणाला आणि तो विषय तिथेच संपला.

खोटेपणाने माणूस किती थकतो, हे बाबूला आता कळत होतं. दिवसभर खडी फोडली असती तरी एवढा शीण आला नसता. त्यात आईची धास्ती. मालनबाईला यातलं काही माहीत नव्हतं. दुष्काळाच्या सुरुवातीला नानासाहेबांनी निरोप धाडला होता, वस्तीने मळ्यातल्या विहिरीवर यावं, गडी वरून पाणी ओतील. म्हातारीने तिथल्या तिथे सुनावलं होतं, "आमच्या हातानं पोहरा टाकू द्या, तर येतो. वरनं ओतलेलं पाणी आमी छप्पन सालीच सोडलंय." तेवढी मुभा नानासाहेबांनी दिली नाही. गावाशी वाकडं घ्यायची त्यांची छाती नव्हती.

या पाण्याला मात्र तिची ना नव्हती. "हे कामाचं पाणी हाय," ती शेजारणींना सांगे. "माझ्या लेकाच्या हुन्नराचं. कुणाच्या उपकाराचं न्हाय."

शनिवारी हरिबाने निरोप आणला. "उद्या नानासाहेब सोता येनार हायती. आत बसून बघत्यात म्हनं कुठं गळतंय ते."

हरिबा गेल्यावर बाबू गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"रबर जरा उचकटून ठिवा," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "अकरा घरं हायती. बायजीचं पोर अजून अंगावर पितंय."

बाबू स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीपाशी गेला. रबराच्या कडेला टोक लावलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याच्या हाताला ते जमेना. तोंडाने खोटं बोलणं वेगळं. चांगलं झालेलं काम स्वतःच्या हाताने नासवायचं, हे त्याच्याने होईना.

"न्हाय जमत," तो परत येऊन म्हणाला. "उद्या सांगून टाकतो सगळं. पाणी बंद झालं तर झालं."

मुक्ताबाईने रिकाम्या घागरी भरून घेतल्या.

रविवारी सगळी वस्ती लिंबाखाली गोळा झाली. मालनबाई सगळ्यात पुढे. नानासाहेबांबरोबर गावातली चार माणसंही आली होती. "चल रे बाबू, ओत," एवढंच म्हणून नानासाहेब आत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

बाबू स्टुलावर चढला. आज त्याने हात आखडला नाही. एक, दोन, तीन, चार घागरी त्याने काचेवर उपड्या केल्या. बायका वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. आतून काही आवाज येईना.

दार उघडलं. नानासाहेब खाली उतरले. परीटघडीचं धोतर, सदरा, टोपी. कशावर पाण्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

"नानासाहेब, मला तुमास्नी एक सांगायचं हाय..." बाबूने सुरुवात केली.

नानासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. खिशातून रुमाल काढला आणि आपलं कोरडं कपाळ, कोरडी मान सावकाश पुसली.

"पार भिजलो की रं बाबू," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हे काम काय पावसाळ्याच्या आत उरकत न्हाय. उद्यापास्नं चार बॅरल धाडतो."