कावळ्याला काय हवं?

धाकट्या बहिणीनं पत्रात एवढंच विचारलं होतं, 'दादा, रागावलास का?' उत्तराचं प्रत्येक वाक्य चुकीचं वाटे आणि त्र्यंबकराव कागद फाडत.

आज बायकोच्या मोबाइलवरच्या खेळात ते अडकले होते. अंधारं घर, बंद दार आणि हात पसरून उभा असलेला कावळ्याच्या डोक्याचा रखवालदार. त्याला द्यायला त्र्यंबकरावांजवळ होते मासा, मेणबत्ती आणि एक दात. याला काय हवं असेल? ते नुसते बघत राहिले.

"अहो, पोथी वाचताय का? द्या काहीतरी."

"चुकलं तर?"

"दार बंदच आहे की. आणखी काय बंद होणार?"

त्यांनी मासा दिला. कावळ्यानं नकारार्थी मान हलवली. मग दात दिला. दार करकरत उघडलं.

आत काय आहे ते बायको बघत होती. त्र्यंबकराव कागद शोधत होते. संध्याकाळी खाडाखोडीसकट पत्र टपालपेटीत पडलं.