पाच वाजेपर्यंत

"मार्क कमी पडले, बाबा. सर्जरी मिळणार नाही."

चंद्रप्रकाशने हे सांगितलं तेव्हा काशीराम परब दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते वळले. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत डॉक्टर झालेला हा पहिलाच मुलगा. संपात गिरणी सुटली, कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी धरावी लागली, पण पोराचं शिक्षण त्यांनी थांबू दिलं नव्हतं. आता एमबीबीएसनंतर तीन वर्षं सर्जरीची, की दारावर पाटी. पाटीसाठी सागाची फळीसुद्धा त्यांनी धाकू सुताराला सांगून ठेवली होती. माणसाला घाई फार.

"मग काय मिळणार?"

"पीएसएम. म्हणजे लोकांचं आरोग्य. पाणी, लसी, साथी. माणूस आजारी पडूच नये म्हणून काय करायचं, ते."

"आजारीच नाही पडला, तर डॉक्टरकडे येईल कोण?"

चंद्रप्रकाश हसला नाही. अर्ज त्याने भरूनही टाकला होता. मागे राहिलेल्यांनी घ्यायची शाखा म्हणतात तिला कॉलेजात, हेही त्याने सांगून टाकलं. बदल करायचा तर दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी पाचपर्यंत मुदत होती. पण मार्कच नाहीत, तर बदल कसला?

पुढचे पंधरा दिवस काशीरामांनी त्याला सुखाने जेवू दिलं नाही.

"मानखुर्दच्या दवाखान्यात इंटर्न होतास, तेव्हा रात्री घरी येऊन अभ्यास करायचा. तू झोपड्यांमधून पाणी तपासायला बाटल्या भरत फिरलास. भोग आता."

"हो, बाबा."

या 'हो, बाबा'ने तर त्यांचं डोकं आणखीच फिरायचं. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मानखुर्दचा विषय त्या घरात एकदाच नीट निघाला होता, गणपतीच्या आधी. तीन वर्षांची एक मुलगी होती तिथे. जुलाबाने सुकून यायची. "महिन्यात तीनदा सलाईन लावलं," चंद्रप्रकाश सांगत होता, "तीनदा बरी केली, आणि तीनदा त्याच पाण्यापाशी परत पाठवली."

"म्हणून तर डॉक्टर लागतो!" काशीरामांनी त्याला पुढे बोलूच दिलं नव्हतं. जाता जाता आणखी चार शब्द सुनावले होते, त्यातले दोन सुनावले नसते तर चाललं असतं.

गुरुवारी जानकी नवऱ्याला म्हणाली, "डीनसायबाक जाऊन भेटा. हात जोडा. बापाक ते नाय म्हणूचे नाय."

काशीरामांनी उभ्या जन्मात कुणापुढे हात जोडले नव्हते. मालकापुढे नाही, संपातसुद्धा नाही. पण शुक्रवारी त्यांनी रजा टाकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पोराला न सांगता तीनच्या सुमारास कॉलेज गाठलं.

शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. चारला भेटतील. तोवर यादी बघून घ्या, ती काय समोर लावलीय. कितवा नंबर ते विचारतील साहेब."

काशीराम फळ्यापाशी गेले. चष्मा चढवला. मार्क कमी, म्हणजे नाव तळालाच असणार. त्यांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वर सरकायला लागले.

घरी परतले तेव्हा सात वाजून गेले होते. जानकी भाकऱ्या थापत होती. चंद्रप्रकाश दारातच उभा होता.

"कुठे होतात, बाबा?"

"तुझ्या कॉलेजात."

पोराचा चेहरा पांढरा पडला. "कुणाला भेटलात?"

"होता तिथला एक माणूस. म्हणाला, मार्क कमीच आहेत तुमच्या मुलाचे. काही होणार नाही."

"असं म्हणाला?"

"मग मी खोटं बोलतोय?"

चंद्रप्रकाश बापाकडे बघत राहिला. काशीराम खाली बसले, पायातल्या चपला उगाच सरळ करून ठेवल्या.

"ती मानखुर्दची मुलगी. पुढे काय झालं तिचं?"

"चौथ्यांदा आणलीच नाही तिला. मीच घरी गेलो बघायला." तो थांबला. "आई एकटीच होती."

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा जानकी भानावर आली. काशीराम म्हणाले, "तेच शीक मग. पण नीट शीक."

चंद्रप्रकाशने मान हलवली आणि तोंड धुवायच्या निमित्ताने तो गॅलरीत गेला. तो लवकर आत आला नाही.

जानकीला मात्र राहवेना. पोरगा हुशार, असं तिला सगळे सांगत आले होते. डोळ्यांना पदर लावून ती हळूच म्हणाली, "इतको मागे रवलो ओ माझो झील? खंयच्या नंबरार होता नाव?"

काशीरामांनी गॅलरीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"पयल्या."