कानवाली

"आता मान हलवायची नाही. खोकला आला तर आधी हात वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बारीक नळीचं टोक तिच्या उजव्या कानात घातलं.

ती कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होती. समोर येणारा प्रत्येक कप लाकडी दांडीनं हलकेच वाजवायचा. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर बाजूला. डोळ्यांना न दिसणारा तडा तिच्या कानाला कळायचा, म्हणून कारखान्यात सगळे तिला कानवाली म्हणत. पण गेल्या दोन महिन्यांत तडा गेलेले कप तिच्या हातून तीनदा पुढे गेले. साहेब रागावले नाहीत. पहिल्या तारखेपासून पॅकिंगला बसा, एवढंच म्हणाले. ते तिला जास्त लागलं.

आईचं झालं तेच आपलं होणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. आईला सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. दार वाजलेलं कळत नाही म्हणून तिला घरी एकटी ठेवायची सोय नव्हती. आत्ताही ती भिंतीलगतच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि लेकीच्या कानात काय चाललंय ते एकटक बघत होती.

पाच दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा दुर्बीण लावली, तेव्हा कानाचा पडदा दिसलाच नव्हता. कानाला दडा बसला की तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. तिनं केसातल्या पिनेकडे बोट दाखवलं. कान आपला मळ आपणच बाहेर ढकलत असतो, तुम्ही तो पिनेनं आत ठासत नेलात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कान कधी दुखला होता का, पू आला होता का, पडद्याला भोक असल्याचं कुणी सांगितलं होतं का, हेही खोदून खोदून विचारलं. तसं काही असतं तर थेंबसुद्धा घालू दिले नसते, म्हणाल्या. मग मळ मऊ करायला थेंब दिले.

नळीचा आवाज आधी लांबून आला, मग चिखलात रुतलेला बूट उपसावा तसा, आणि एकदम खोलीच तिच्या कानात शिरली. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली. डॉक्टरीणबाईंच्या हातमोज्यांची चुरचुर झाली. ती दचकली नाही, फक्त तिनं डोळे मिटून घेतले.

"दाखवा ना मला," ती म्हणाली.

कापसावर तपकिरी, वाटाण्याएवढा गोळा होता. तिनं तो वाकून, अगदी जवळून पाहिला. या एवढ्याशा ऐवजानं आपल्याला पॅकिंगला बसवलं होतं, याचं तिला हसूही येईना.

टेबलावर डॉक्टरीणबाईंचा चहाचा रिकामा कप होता. घेऊ का, असं विचारून तिनं तो उलट्या पेनानं वाजवला. एकदा, मग फिरवून पुन्हा एकदा.

"याच्या कानापाशी तडा आहे."

डॉक्टरीणबाईंनी कप उजेडात धरला. बराच वेळ फिरवल्यावर कपाच्या कानाच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. त्या हसल्या आणि त्यांनी साहेबांना दाखवायला चार ओळी लिहून दिल्या.

चिठ्ठी हातात आली तरी ती खुर्चीतून उठेना.

"माझ्या आईच्या कानात कुणी कधी बघितलेलंच नाही," ती सावकाश म्हणाली. वय झालं म्हणून ऐकू येत नाही, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. भावानं दुकानातून कानाचं मशीन आणलं, पण ते शिट्ट्या मारायचं, म्हणून कपाटात पडून होतं.

"शिट्ट्या मारायचं?" डॉक्टरीणबाईंनी काढलेले हातमोजे टाकून दिले आणि नवे चढवले. "कान मळानं भरलेला असला तरी मशीन शिट्ट्या मारतं. बसवा त्यांना इकडे."

आई बसायला तयार होईना. मला काय झालंय, उगाच कशाला, असं म्हणत राहिली. शेवटी लेकीनं तिची पिशवी स्वतःकडे घेतली तेव्हा बसली. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं दोन्ही कान पाहिले आणि तिला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर लेकीलाही दाखवले. दोन्हीकडे काळी भिंत होती. त्यांनी कसलंही वचन दिलं नाही. काही भाग वयाचा असेल, तो तसाच राहील. किती भाग याचा आहे, ते काढल्यावरच कळेल.

पाच दिवस लेकीनं सकाळ-संध्याकाळ आईला कुशीवर निजवून थेंब घातले. सहाव्या दिवशी दोघी पुन्हा त्याच खोलीत होत्या. या वेळी बाकावर लेक होती. दोन्ही कानांना मिळून अर्धा तास लागला. आई मध्येच एकदा हात वर करून खोकली, मग पुन्हा ताठ बसली.

डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या. लेक उठून आईसमोर आली. सवयीप्रमाणे ओरडायला तिनं श्वास भरून घेतला, आणि मग तो सोडून दिला.

"आई, येतंय का गं ऐकू?" तिनं हळूच विचारलं.

आई तिच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती.

"तुझा आवाज किती थकलाय गं," ती म्हणाली.