वीराचा वाटा

लढाईतून पळालेला थ्रासोन दहा वर्षांनी गावी परतला, तेव्हा राजाच्या अंगणात बैल भाजला जात होता आणि गवई त्याच्याच मरणाचं गाणं गात होता. एकटा थ्रासोन, समोर वीस भालेवाले! पाठीचा रसरशीत तुकडा मानाने त्याच्या बायकोच्या पुढ्यात आला.

तो तिच्या कानाशी लागला. "मिर्तो, अगं, मी जिवंत आहे!"

"दिसतंय मला," ती चावता चावता म्हणाली. "गप बसा. हा वीराच्या विधवेचा वाटा आहे. पळपुट्याच्या बायकोला कोणी हाडूकही घालत नाही."

"हे कोण?" राजाने विचारलं.

"आमच्या ह्यांचे सोबती, महाराज. शेवटच्या क्षणी जवळच होते."

सगळ्यांच्या माना वळल्या. थ्रासोनने डोळे पुसले.

"वीस नव्हते, महाराज," तो म्हणाला. "चाळीस होते."